तिसरी वायर

बारामतीत माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि विकलेला माल परत आला की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं दोन वाकडे शब्द आले तर नवल वाटायला नको. पण सत्त्याण्णवच्या मार्चात भिमा वायरमन तिसऱ्यांदा बटणं परत घेऊन काउंटरपाशी उभा राहिला, तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. त्याचा चेहरा उन्हातून आलेल्या माणसासारखा नव्हता, थंडीतून आल्यासारखा होता. बाहेर तर डांबर वितळत होतं.

भिमा शेळगावचा. घरची विहीर, विहिरीवर वांगी आणि दोडका. त्याची बायको सारजा दर बाजाराला भाजीच्या पाट्या घेऊन इंदापूर गाठायची. भिमाचं मन मात्र वाफ्यात कधी रमलं नाही. साखर कारखान्याच्या वसाहतीत वायरिंग चालू असताना तो तिथं बिगारी म्हणून गेला आणि वायरमन होऊनच परत आला. लोक कानावर बिडी ठेवतात तसा तो टेस्टर ठेवायचा. जेवताना काढायचा नाही, लग्नात काढायचा नाही, एकदा तर बायकोच्या माहेरी तसाच झोपला. कामात सरळ आणि बोलायला खट्याळ. एखाद्या घरात दिवा फडफडतो, तिथं काहीतरी आहे, असं कुणी म्हटलं की तो सांगायचा, भूत बिल भरत नाही, म्हणून बोर्ड त्याला कनेक्शन देत नाही.

त्याची आवडती वस्तू म्हणजे जिन्याची बटणं. एक खाली, एक वर, आणि दिवा दोघांच्यात एक. खालून लावा, वरून घालवा. भिमा त्यांना नवरा-बायको म्हणायचा. साध्या बटणाकडं बघून कळतं की दिवा चालू आहे की बंद. या जोडीत कोण वर आहे नि कोण खाली यावरून काहीच कळत नाही. दिवा लागला तर समजायचं की दोघांचं पटलंय. आमच्या भागात जिने होते कुणाकडं? पण भिमानं ती बटणं घर ते गोठा, घर ते विहीर अशी लावून दिली. रात्री चिखलातून दिवा घालवायला जायला नको, म्हणून लोकांनी ती डोक्यावर घेतली.

तशीच एक जोडी त्यानं एक्क्याण्णव साली म्हस्कूआबांच्या वस्तीवर लावली होती. शेळगावच्या पलीकडं माळावर हे धनगराचं घर. आबांच्या बापाच्या वेळी तीनशे मेंढरं होती आणि वर्षातले आठ महिने बिऱ्हाड घोड्यावर असायचं. पाटाचं पाणी आलं, आबांनी ऊस धरला, मेंढरं कमी होत विसावर आली. राहतं घर सडकेला, आणि मेंढरांचं पत्र्याचं शेड उताराला, दोनशे फुटांवर. लांडग्याच्या भीतीनं आबा शेडातच झोपायचे. शेडाच्या दारावर, आतून नि बाहेरून दिसेल असा, बल्ब. एक बटण शेडात, एक घरात त्यांच्या बायकोच्या, बानूबाईच्या चुलीजवळ.

त्या दोघांनी त्या दिव्याची भाषाच करून टाकली. आबांनी दोनदा लावून घालवला की भाकरी घेऊन ये. बानूबाईनं एकदा उघडझाप केली की आले. लांडगा फिरत असेल तर तीनदा. पाच वर्षं त्या जोडप्याचं निम्मं बोलणं दिव्यातून झालं, आणि भिमा ते कौतुकानं सगळ्यांना सांगायचा.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये भर दुपारी आबा शेडात गेले. बसलेले सापडले, एका हातानं मेंढरं बांधायचा लोखंडी खुंटा धरलेला. डॉक्टरनं काळीज बंद पडलं म्हणून सांगितलं. वय सत्तर, उन्हाळा कडक, कुणाला वेगळं काही वाटलं नाही. मुलगा दादासाहेब लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला, तो धावत आला. जिथं आबा गेले तिथं, खुंट्याच्या पुढ्यात, त्यानं बापाच्या नावाचा दगड बसवला. दहाव्याला भावकीनं त्या दगडावर घागरीनं पाणी घातलं, आणि भर उन्हात दारावरचा बल्ब लागला.

कुणाचाही हात बटणावर नव्हता. शेडातलं बटण सगळ्यांसमोर होतं आणि घरात कुणी नव्हतं. भावकी चपला हातात घेऊन सडकेला आली.

बानूबाई आली नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी ती तांब्याभर पाणी दगडावर घालायची आणि बल्बाकडं बघत उभी राहायची. जरा वेळानं तो लागायचा, फिकट, तांबूस, आणि पाणी मुरलं की विझायचा. पावसाळ्यात तर पाणी न घालताही लागायचा आणि दिवसभर तसाच राहायचा. दोन्ही बटणांना तिनं कुणाला हात लावू दिला नाही, आबांनी ठेवलंय तसं राहू द्या म्हणाली. ओल्या जागेवर अनवाणी उभं राहिलं की पायाला मुंग्या येतात, ते म्हणजे आबांचा हात, असं ती भेटायला आलेल्या सुनेला सांगायची. मेंढरं विकून दोन राहिली होती. ती त्या कोपऱ्यात जायची नाहीत. पावसात भिजत बाहेर उभी राहायची, पण दगडाजवळ पत्र्याखाली जागा असून आत यायची नाहीत.

फेब्रुवारीत दिवा लागेनासा झाला. तांब्या घातला, दोन घातले, काही नाही. दादासाहेब म्हणाला, वर्षश्राद्ध झालं की शेड पाडू आणि तू माझ्याकडं लोणी देवकरला चल. बानूबाईनं त्याला आधीच बजावलेलं होतं की जोवर ते बोलतात तोवर मी इथून हलणार नाही. आता ते बोलत नव्हते, आणि पोराला द्यायला तिच्याकडं उत्तर राहिलं नव्हतं. श्राद्धाच्या आत दिवा लागला पाहिजे, एवढं एकच तिला हवं होतं. म्हणून तिनं भिमाला बोलावणं धाडलं.

भिमा गेला तो हसतच. बटणं जुनी झाली असतील म्हणून त्यानं दोन्ही बदलली. दिवा लागला नाही. मग मला येऊन म्हणाला की तुमची बटणं खोटी आहेत, आणि मी त्याला माझ्या पद्धतीनं उत्तर दिलं. दुसरी जोडी नेली, तीही परत आली. तिसऱ्या खेपेला तो बटणं काउंटरवर ठेवून म्हणाला की ही चांगली आहेत, कपाटात टाका, तिथं बटणाचं काम नाही.

मी त्याला स्टूल दिलं. मग त्यानं जे सांगितलं ते असं. त्या सकाळी त्यानं सगळं पुन्हा तपासलं. घरातल्या बटणाला करंट होता, शेडातल्या बटणाला होता, होल्डरात होता, बल्ब नवा होता. तरी अंधार. बानूबाई मागं उभी राहून बघत होती. ती म्हणाली, तू जरा बाजूला हो. भिमा बाजूला झाला, दोन्ही हात मोकळे. तिनं हौदावरून भरलेला हंडा आणला आणि अख्खा दगडावर ओतला. जरा वेळ काही नाही. मग बल्बातली तार हळूहळू लाल झाली, झोपलेलं माणूस डोळा किलकिला करतं तशी. भिमा सांगत होता आणि त्याच्या दंडावर माझ्यासमोर काटा उभा राहत होता. तो म्हणाला की त्या शेडात तेव्हा एवढं गप्प होतं की पाणी जमिनीत मुरताना ऐकू आलं. दोन्ही मेंढरं दाराबाहेर उभी राहून आत बघत होती.

ज्या माणसानं वीस वर्षं भुतांची थट्टा केली त्यानं दगडावर डोकं टेकलं. बानूबाईनं त्याला विचारलं की ते खुंट्याला टेकून गेले, तर आज दिवेलागणीला खुंट्यालाही पाणी घालून हळदकुंकू लावू का, म्हणजे रुसवा जाईल. भिमा म्हणाला, लावा काकी.

खरं सांगतो, मलाही भीती वाटली. पण दुकानदाराची जीभ भीतीपेक्षा पुढं असते. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं की होल्डरात करंट कुठल्या बाजूला होता.

“दोन्ही बाजूला,” भिमा म्हणाला. “दोन्हीकडं टेस्टर पेटत व्हता.”

 बल्बाच्या एका बाजूनं करंट येतो आणि दुसऱ्या बाजूनं परत जातो. दोन्ही बाजूला टेस्टर पेटला म्हणजे परतीची वायर तुटली. हे वायरमनला पहिल्या दिवशी शिकवतात. भिमानं हे शेकडो वेळा शोधून काढलं असेल, आणि आज भीतीनं त्याला ते दिसलंच नव्हतं.

“भिमा,” मी म्हणालो, “तितं परतीची वायर कुठून घेतलीस?”

त्याचा हात कानावरच्या टेस्टरकडं गेला.

आता आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना मला माझीच लाज वाटते. घरापासून गोठ्यापर्यंत अशी बटणांची जोडी लावायची तर तीन वायरी लागतात. दोन बटणांच्या आणि एक परतीची. दोनशे फूट तिसरी वायर कशाला ओढायची, म्हणून आमच्याकडचे वायरमन गोठ्यापाशी चार फुटी लोखंडी पाइप जमिनीत ठोकायचे आणि परतीचा करंट धरणीत सोडायचे. मी वीस फुटी पाइप आणायचो आणि कापून तुकडे द्यायचो. ओल असेल तोवर दिवा झकास लागतो. म्हणून भिमा प्रत्येकाला सांगून ठेवायचा की पाइपाच्या बुडात रोज पाणी घालत जा. आबांनी पाच वर्षं घातलं. शहाण्णवच्या उन्हाळ्यात हौद आटला, माणसांनाच पाणी पुरेना, तेव्हा राहिलं.

जमीन कोरडी पडली की करंटला जायला वाट राहत नाही. दिवा लागत नाही, आणि बटण चालू असेल तर सगळा करंट पाइपात येऊन थांबतो. जोडीच्या बटणाकडं बघून कळत नाही की ते चालू आहे. दिवा विझलेला, बटण मुकं, आणि समोर मेंढरं बांधायला सोयीचा दिसणारा लोखंडी खुंटा.

भिमाला हे सगळं एका क्षणात दिसलं असणार. “त्यो खुंटा न्हवं,” एवढंच तो म्हणाला. घड्याळात साडेचार वाजले होते. मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

शेळगावचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा. भिमा मागं बसला होता आणि सगळ्या वाटेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, की म्या लावा म्हनालो. वस्तीवर पोचलो तेव्हा सूर्य उसाला टेकला होता. घराचं दार उघडं, घरात कुणी नाही. खाली शेडाच्या दारावरचा बल्ब तांबूस पेटलेला होता, म्हणजे तिनं पाणी घातलं होतं. भिमा घरात घुसला, सगळा करंट तोडणारं मेनचं कटआउट काढायला. मी उताराला पळालो. चाळिशी ओलांडल्यावर मी तेवढा कधी पळालो नव्हतो.

बानूबाई शेडात वाकून उभी होती. अनवाणी, पायाखाली चिखल, डाव्या हातात पितळी तांब्या. दगडाला हळदकुंकू लावून झालं होतं. उजव्या हाताची बोटं पिवळी, ओली, आणि खुंट्यापासून वीतभर अंतरावर. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात दारावरचा बल्ब विझला.

तिचा हात जागच्या जागी थांबला. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी कोण, इथं कसा, हे तिनं विचारलं नाही.

“गेले,” ती म्हणाली.

घरातला जिवंत माणूस आत्ता गेला असता तर ती जशी म्हणाली असती, तशीच म्हणाली. मी विजेचं सामान विकतो, मला बल्ब का विझला ते ठाऊक होतं, तरी मीही वर बल्बाकडं बघितलं.

भिमा आला. तो तिच्यापासून दहा पावलांवर थांबला, पुढं आला नाही. त्यानं तिला बाहेर कोरड्या जागी बोलावलं, एका धोंड्यावर बसवलं. मग मला घरात जाऊन कटआउट बसवायला सांगितलं. मी बसवून आलो तेव्हा तो तिला टेस्टर दाखवत होता. त्यानं पायात चपला घातल्या आणि टेस्टरचं टोक खुंट्याला लावलं. टेस्टरच्या पोटातला छोटा दिवा लाल पेटला. उचलला, विझला. पुन्हा लावला, पुन्हा पेटला. असं त्यानं तीनदा केलं. मग मी पुन्हा जाऊन कटआउट काढून आलो, आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. पाण्याचं, जमिनीचं, पायाच्या मुंग्यांचं, मेंढरं आत का येत नव्हती त्याचं. काही लपवलं नाही. फक्त आबांचं नाव घेतलं नाही.

ते नाव तिनं घेतलं. ती पिवळ्या बोटांकडं बघत होती.

“त्यास्नी आंघुळ घातली तवा तळहातावर काळा डाग व्हता,” ती म्हणाली. “म्या लई घासला. म्हनलं तंबाकूचा आसंल. निघाला न्हाय.”

भिमा खाली बसला. तो म्हणू शकला असता की डॉक्टरनं काळीज सांगितलंय, तेच खरं. मीही तेच म्हणालो असतो, आणि मनातून त्यानं तसं म्हणावं असं मला वाटत होतं, कारण पाइप माझ्या दुकानातून गेला होता.

“काकी, त्यो माझ्या पाइपाचा डाग हाय,” भिमा म्हणाला.

ती रडली नाही. उठली, शेडाच्या दारात गेली आणि त्या खुंट्याकडं बघत उभी राहिली.

“म्हंजे ज्यानं त्यास्नी नेलं, त्यालाच म्या वर्सभर पानी घातलं.”

 उसातून अंधार वर येत होता, आणि ती दोन मेंढरं आमच्यामागून हळूच आली आणि आत गेली. वर्षात पहिल्यांदा ती त्या कोपऱ्यात जाऊन बसली. बानूबाईनं ते बघितलं. मग भिमाकडं वळून तिनं एकच विचारलं.

“असलं आनि किती हायत?”

भिमानं बोटं मोजली. हा धरून एक्केचाळीस, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दादासाहेब आला. तो भिमाच्या अंगावर धावून गेला, आणि त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईनं त्याला धरलं. भिमानं आपणहून येऊन सांगितलं, एवढंच ती म्हणाली. पाइप तिच्या देखत उपटला. खाली वीतभर गंजून सडलेला होता, म्हणून फेब्रुवारीपासून तांब्याभर पाणी पुरत नव्हतं. वायरीचं बंडल मी दिलं, आणि भिमानं दोनशे फूट तिसरी वायर ओढली. दिवा लख्ख पांढरा लागला. तो बघून बानूबाईनं तोंड फिरवलं.

त्यानंतर भिमाचं हेच काम झालं. नवी वायरिंग कुणी सांगितली तर घ्यायचा, पण आधी जुने पाइप. कुणी त्याला चहा दिला, कुणी हाकलून दिलं. चांगला चालू दिवा कशाला उपटतोस म्हणून एका पाहुण्यानं त्याच्यावर कुत्रं सोडलं. माझ्या स्वतःच्या वडगाव निंबाळकरच्या म्हशींच्या गोठ्यातही त्याचा एक पाइप होता. त्या पाइपाला बांधलेली माझी म्हैस तीन वर्षांपूर्वी अचानक दगावली होती, आणि मी जनावरांच्या डॉक्टरला चारचौघांत नाही नाही ते बोललो होतो. भिमानं तो पाइप उपटून माझ्या हातात दिला.  उपटलेले पाइप तो माझ्या दुकानामागं आणून टाकायचा. मी ते भंगारात घातले नाहीत. अजून तिथं ढीग आहे.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात मी एकदा त्याच्याबरोबर शेळगावला गेलो होतो. त्यानं बानूबाईकडं नेलं. ती लोणी देवकरला गेलीच नव्हती. दिवे लागायची वेळ होती. तिनं दगडावर तांब्याभर पाणी घातलं. दिवा लागला नाही, लागणारही नव्हता, तरी आम्ही तिघांनीही वर बघितलं. मग ती तांब्या घेऊन चढावरून घराकडं चालू लागली. एकेक पाऊल टाकत दोनशे फूट. आम्ही शेडापाशी उभे. घरात ती दिसेनाशी झाली आणि आमच्या डोक्यावरचा बल्ब एकदम लागला. भिमा दचकला. दरवेळी दचकतो, म्हणाला. बल्ब एकदा विझला, तिची जुनी ‘आले’ची खूण, मग पुन्हा लागला आणि लागलेलाच राहिला.

ती परत खाली आली तेव्हा दम लागला होता. बसता बसता मला म्हणाली, “दादासाहेब म्हनतो, आता ते बोलत न्हाईत, मग हितं काय ठेवलंय. म्या म्हनलं, वर्सभर त्येच बोलले आसं म्या धरून चालले. आता म्या बोलते. त्यास्नी ऐकू द्या.”

भिमा खाली बसून टेस्टरशी चाळा करत होता. तिनं त्याच्याकडं वळून विचारलं, आणि त्यावरून मला कळलं की ती हे दर खेपेला विचारते.

“किती ऱ्हायलं?”

“एक, काकी.”

“कुठं?”

“ठावं न्हाय. एक्केचाळीस ठोकल्यालं, चाळीस निघालं. सगळी गावं पालथी घातली. त्यो एक कुठं ठोकला त्येच आठवंना.”

बल्बाच्या उजेडात तिचा चेहरा मला नीट दिसत होता. त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती.

“मग हितं काय बसलाईस?” ती म्हणाली.

भिमा उठला. टेस्टर कानावर ठेवला आणि अंधारातून सडकेकडं चालू लागला.